चेंडू ठेवून द्या, चिंचोक्याच्या पिशव्या शिवा

प्रश्न : लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी वृद्धाश्रमात काम करते. आमच्याकडं २२ जण आहेत, १३ आजी आणि ९ आजोबा. दिवसभर बसून असतात म्हणून बादलीत चेंडू टाकायचा खेळ सुरू केला. सगळ्यांना गोल बसवायचं, एकेकानं टाकायचा. पहिले दोन दिवस मजा आली, आता पाच-सहा जणच येतात. एक माय चेंडू आणायला उठल्या नि घसरल्या, नशिबानं हाड मोडलं नाही. एक रिटायर गुरुजी म्हणतात, "हे काय लेकरायचे खेळ लावले?" दोघांना लकवा आहे, तिघी-चौघी विसराळू झाल्यात. मोबाईलवर अमेरिकेतला फळीच्या भोकात पिशव्या टाकायचा खेळ पाहिला, तो संच मागवू का? आणि १७ सप्टेंबरला झेंडावंदनाला पाहुणे येतात, तेव्हा स्पर्धा ठेवावी का?
– एक काळजीवाहक ताई

उत्तर : ताई, नमस्कार. संच मागवू नका. त्या खेळाला तिकडं कॉर्नहोल म्हणतात आणि तो धडधाकट माणसांनी अंगणात उभं राहून खेळायचा आहे. फळी ४ फूट लांब, २ फूट रुंद, तिला ६ इंचांचं भोक, समोरासमोरच्या दोन फळ्यांत २७ फुटांचं अंतर आणि एकेक पिशवी जवळपास ४५० ग्रॅमची. तुमच्या मायला ती पिशवी धड उचलवायचीही नाही. त्यातली गुण मोजायची रीत तेवढी घ्या: भोकात गेली तर ३, फळीवर राहिली तर १. तुमच्याकडं टोपलीत ३, टोपलीला लागून बाहेर पडली तर १. थोडक्यात हुकलेल्यालाही काहीतरी मिळतं, हे या वयात फार कामाचं आहे. बाकीचं सामान शिंप्याकडं आणि तुमच्या कोठीघरात आहे.

आधी तुमचा खेळ कुठं मोडला ते बघू. २२ माणसं, एक चेंडू, एक बादली. चेंडू हातात देणं, नेम धरणं, टाकणं, घरंगळलेला परत आणणं, यात माणशी एक मिनिट जातंच. म्हणजे एकदा टाकल्यावर पुन्हा पाळी यायला वीस-बावीस मिनिटं. तेवढ्यात निम्म्यांचा डोळा लागतो, उरलेल्यांची कंबर धरते. लोकांना खेळ आवडला नाही असं नाही, त्यांना तो मिळालाच नाही. म्हणून एका वेळी आठच जण बसवा. २२ जणांचे तीन गट करा, ८, ७ आणि ७. सोमवार ते शनिवार रोज एक गट, प्रत्येकाला आठवड्यातून दोनदा. पाळी आली की तीन पिशव्या लागोपाठ टाकायच्या. आठ जणांचा एक डाव आठ-दहा मिनिटांत होतो. दोन डाव खेळा, आधी-नंतरची हालचाल धरून २५ मिनिटांत आटपा. लोक "अजून एक" म्हणत असतानाच थांबलात तर पुढच्या वेळी बोलवायला जावं लागत नाही.

चेंडू मात्र कायमचा बाजूला ठेवा. तो उसळतो, घरंगळतो, आणि समोर घरंगळणारी वस्तू दिसली की माणूस वयाचा विचार न करता उठतो. तुमच्या माय तशाच उठल्या. या खेळात लोक टाकताना पडत नाहीत, उचलायला जाताना पडतात. शिवाय संधिवातानं वाकड्या झालेल्या बोटांना गोल, गुळगुळीत चेंडू धरवत नाही. पिशवीचा कोपरा चिमटीत धरता येतो, पडली की जागच्या जागी बसते.

पिशवीत काय भरायचं? कुणीही सांगेल, ज्वारी भरा. आम्ही सांगू, भरू नका. तुमच्याकडची बरीच माणसं १९७२ च्या दुष्काळात तरणीताठी होती. खडी फोडून, मिलो नावाची परदेशी लाल ज्वारी खाऊन त्यांनी ते वर्ष काढलंय. धान्याची पिशवी जमिनीवर आपटायची, तिला पाय लागायचा, हे त्यांतल्या कित्येकांना सहन होणार नाही. ते तुम्हाला कारण सांगणार नाहीत, नुसते "माझा हात दुखतो" म्हणतील. ज्वारीला सोंडे लागतात आणि मागोमाग उंदीर येतात, ही आणखी दोन कारणं. वाळू वजनाला फार भरते आणि शिवणीतून गळते. चिंचोके घ्या. धुऊन, दोन दिवस कडक उन्हात वाळवून, कढईत हलके भाजून, पूर्ण गार करून भरा. गरम भरले तर आत वाफ धरते आणि बुरशी येते. चिंचोक्यांचा खुळखुळ आवाज होतो, त्याचा नजर अधू झालेल्यांना उपयोग होतो.

पिशव्या २४ लागतील. त्यातल्या १६ प्रत्येकी १०० ग्रॅमच्या आणि ८ प्रत्येकी १५० ग्रॅमच्या, म्हणजे चिंचोके सुमारे तीन किलो. १०० ग्रॅमच्या पिशवीला १२ सेंटिमीटरचे दोन चौकोन कापा. सगळीकडून एक सेंटिमीटर शिवणीत गेला की १० सेंटिमीटरची पिशवी उरते. १५० ग्रॅमच्या पिशवीला चौकोन १४ सेंटिमीटरचे. आतली पिशवी मांजरपाटाची आणि शिवण दुहेरी. ही दुहेरी शिवण शिंप्याला बजावून सांगा, कारण विसराळू माणूस दोरा ओढत बसतो आणि सुटलेला चिंचोका तोंडात जातो. वरचं कव्हर उशीच्या अभ्र्यासारखं, मागं कापडावर कापड येणारं, म्हणजे बटण नको, चेन नको. दर आठवड्याला काढून धुता येतं. ९० सेंटिमीटर पन्ह्याचा मांजरपाट दीड मीटर आणि वरचं जाड सुती कापड दोन मीटर पुरतं. पिशवी दोन तृतीयांशच भरा. ठासून भरली की दगड होते, बोटं रुतत नाहीत आणि ती टोपलीवरून उडते.

कव्हरचा रंग शोभेपुरता समजू नका. वय झालं की डोळ्यातलं भिंग पिवळसर होतं. निळा, हिरवा, जांभळा एकमेकांत मिसळतात. करड्या शहाबादी फरशीवर निळी पिशवी म्हाताऱ्या डोळ्याला दिसतच नाही. पिवळी आणि लाल घ्या. टोपलीच्या काठालाही लाल कापडाची पट्टी गुंडाळा, नेम धरायला कड दिसली पाहिजे.

टोपली म्हणजे १६ ते १८ इंच तोंडाची दुरडी, आठ-नऊ इंच खोल. तळाला गोधडीची घडी टाका, नाहीतर पिशवी आत आपटून बाहेर येते. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी दुरडीऐवजी लोखंडी घमेलं ठेवा, आत घडी न टाकता. पिशवी पडल्याचा खणखणाट हाच त्यांचा गुणफलक. पण तोच आवाज विसराळू माणसाला दचकवतो, त्यामुळं घमेलं फक्त त्या एकाच्या पाळीपुरतं. टोपली जमिनीवर न ठेवता फूट-दीड फूट उंच चौरंगावर ठेवा. दुहेरी नंबरच्या चष्म्याच्या खालच्या काचेतून जमिनीवरचं अंधुक दिसतं आणि माणूस मान वाकडी करून बघत बसतो. ज्यांची पाठ पार वाकलीय त्यांना मात्र जमिनीवरच बरं दिसतं, त्यांच्या पाळीला चौरंग काढा.

बसवायचं असं: खोलीच्या एका कोपऱ्यात, काटकोनात. चार खुर्च्या एका भिंतीला, चार दुसऱ्या भिंतीला, पाठी टेकलेल्या. प्लास्टिकच्या खुर्च्या फरशीवर मागं सरकतात, त्याला भिंत हाच उपाय. खुर्ची हातांची हवी, बैठक १७-१८ इंच उंच. पाय लोंबत असतील तर खाली पाट द्या. चाकाच्या खुर्चीला दोन्ही ब्रेक लावा आणि पायठेवणी वर उचलून पाय जमिनीवर टेकवा. खिडकी पाठीमागं यावी, समोरून तिरीप आली तर टोपली दिसत नाही. कुलर खेळापुरता बंद करा. त्याच्या घरघरीत कमी ऐकू येणाऱ्याला तुमचा एक शब्द कळत नाही, आणि कुलरखाली सांडलेलं पाणी शहाबादी फरशीवर तेलासारखं असतं.

टोपली माणसाजवळ न्यायची, माणसाला टोपलीजवळ आणायचं नाही. ज्याची पाळी त्याच्यासमोर चौरंग सरकवा. अंतर पायाच्या अंगठ्यापासून मोजा आणि सुरुवात सगळ्यांची ३ फुटांवरून करा. तीनपैकी निदान एक-दोन पडल्या पाहिजेत. तीनही हुकल्या तर त्याच डावात टोपली अर्धा फूट जवळ घ्या, "उद्या बघू" म्हणू नका. दोन दिवस लागोपाठ तीनही पडल्या तर अर्धा फूट लांब. मग ६ फुटांवर पोचलेल्याला १५० ग्रॅमची पिशवी द्या. प्रत्येकाचं अंतर वेगळं, त्यामुळं कुणाशी बरोबरी करायची वेळच येत नाही. हे वहीत लिहा: नाव, हात, पिशवीचं वजन, अंतर, तीनपैकी किती. एखाद्याचा आकडा आठवडाभरात खाली आला तर खेळात लक्ष नाही असं समजू नका. हात दुखत असेल, नजर उतरली असेल, औषध बदललं असेल, नर्सबाईंना सांगा.

दोन माणसं हवीत. एकीनं पिशव्या द्यायच्या आणि खेळणाऱ्याच्या अधू बाजूला उभं राहायचं. दुसरीनं टोपली हलवायची आणि पडलेल्या पिशव्या लगेच उचलायच्या. खेळ सुरू करताना पिशव्या मोजा, संपल्यावर पुन्हा मोजा. चोविसावी हमखास कुणाच्या तरी पदराखाली किंवा गादीखाली सापडते.

आता हात. टाकणं नेहमी खालून. पाठ खुर्चीला टेकलेली, पाय फरशीवर सपाट, मोकळ्या हातानं खुर्चीचा हात धरलेला. पिशवी तळव्यावर, हात खुर्चीशेजारी सैल सोडलेला. वीतभर मागं, मग पुढं, आणि गुडघ्याच्या उंचीला आला की सोडायची. कोपर खुर्चीच्या हाताला आपटत असेल तर माणसाला दुसऱ्या बाजूला दोन-तीन इंच सरकवा. पिशवी पायाशीच पडत असेल तर ती हातातून लवकर सुटतेय. बहुतेक जड होतेय, हलकी द्या. उंच उडून टोपलीच्या अलीकडं पडत असेल तर उशिरा सुटतेय. "आता" असं तुम्ही म्हणा, आठ-दहा वेळा म्हटलं की जमतं. खांद्यावरून भिरकवायला कुणालाच देऊ नका. साखरेच्या आजारात पुष्कळांचे खांदे आखडलेले असतात. जोरात हात वर गेला की रात्रभर ठणका.

आणि एक सूप आणा, बांबूचं, हलकं. ज्या आजींना एका हातानं जमत नाही, त्यांच्या मांडीवर सूप द्या, त्यात एक पिशवी ठेवा आणि पाखडायला सांगा. टोपली दोन फुटांवर, जमिनीवर. ज्या बाईनं आयुष्यभर खळ्यावर आणि ओसरीवर पाखडलं, तिचे हात सूप धरल्याबरोबर आपोआप उचलतात. नाव-गाव विसरलं तरी हाताला लागलेली सवय बरीच उशिरापर्यंत टिकते. पिशवी सुपातून उडून टोपलीत जाते. काही जणी आधी सूप नुसतं झटकून, चाळवून बघतील, बघू द्या. एक सावधगिरी: पाठीचा मणका दबलेल्यांना सूप देऊ नका, त्यात अंग पुढं झुकतं.

लकवा झालेल्या दोघांना चांगल्या हातानं टाकू द्या. लुळा हात मांडीवर उशीवर ठेवा. तो ओढून मदत करायला जाऊ नका, खांदा निखळतो. काहींना लुळ्या बाजूचं जग दिसूनही लक्षात येत नाही. त्यांची टोपली आधी चांगल्या बाजूला ठेवा आणि दिवसागणिक चार बोटं मध्याकडं सरकवा. कंपवात असलेल्याची पिशवी हातातून सुटत नाही, बोटं उघडायला वेळ लागतो. त्याला ठेका द्या: "एक, दोन, सोड." सगळ्यांनी मिळून म्हटलं तर आणखी बरं, ठेक्यावर अडकलेला हात सुटतो.

विसराळू आजींना नियम समजावू नका. समोर बसा, डोळ्यांत बघा, स्वतः एक टाकून दाखवा, पिशवी तळव्यावर ठेवा, थांबा. पाच-सात सेकंद काहीच होणार नाही. तिथं घाई करून दुसरी सूचना दिलीत तर पहिलीही जाते. पिशवी पदराखाली लपवली तर हिसकावू नका, दुसरी द्या. त्यांचा गट सकाळीच खेळवा, सांज झाली की त्या बावरतात.

काही जणांना तूर्त नुसतं बघू द्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेले, डॉक्टरांनी मोकळं सोडेपर्यंत. पेसमेकर नवा बसवलेले. त्या बाजूचा हात पहिले काही आठवडे खांद्याच्या वर न्यायचा नसतो, म्हणून डॉक्टरांना विचारूनच. खुब्याचं ऑपरेशन झालेल्यांना खेळता येईल, पण खाली वाकून पिशवी उचलायला बंदी. खेळताना छातीत दुखलं, घाम फुटला, बोलताना दम लागला तर खेळ तिथंच थांबवा आणि डॉक्टरांना फोन करा. संपल्यावर सगळ्यांनी एक मिनिट बसून पाय वर-खाली हलवावेत आणि मगच उठावं. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना एकदम उठल्यावर घेरी येते.

वेळ सकाळी नाश्त्यानंतर तासाभरानं. जेवल्या जेवल्या नको, तेव्हा रक्तदाब उतरतो. मराठवाड्यातल्या एप्रिल-मेमध्ये साडेआठच्या आत उरका आणि आधी प्रत्येकाला अर्धा पेला पाणी द्या, मागायची वाट बघू नका. आणि रोज विचारा, "आज कुणाचा उपवास?" एकादशी, चतुर्थी, सोमवार; आमच्याकडं साखरेच्या आजाराच्या गोळ्या घेऊन उपाशी राहणाऱ्या आजी गावोगाव आहेत. हात थरथरायला लागला, घाम आला, बोलणं विसंगत झालं तर रक्तातली साखर उतरलीय असं समजा; शुद्धीवर असताना तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नका, सरळ दवाखाना.

सुरुवातीला पाच मिनिटं मुठी उघडझाप, खांदे गोल फिरवणं, घोटे वर-खाली. शेवटी एक पिशवी हातोहात फिरवा, आणि ती टोपलीत पडली की चहा. चहा आधी दिलात तर अर्धे उठून जातील.

आजी-आजोबांना एकत्र बसवायचा अट्टहास धरू नका. त्या पिढीतल्या कित्येक जणी पुरुषांसमोर डोक्यावरचा पदर सावरण्यातच गुंततात, हात मोकळा सोडतच नाहीत. १३ आजींचे दोन गट आणि ९ आजोबांचा एक, असंही करून बघा. आठाचे नऊ झाले तर बिघडत नाही. टाळ्या नि "शाब्बास बाळा" मात्र कटाक्षानं टाळा. "अण्णा, दोन पडल्या, तिसरी काठाला लागली" एवढं पुरे. खेळाची बातमी द्या, कौतुक नको.

गुरुजींचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. ज्या पद्धतीनं हा खेळ बहुतेक ठिकाणी खेळवतात तो लेकरांचाच वाटतो. त्यांना टाकायला बोलवू नका. जाड पुठ्ठ्याची वही, लाल-निळं पेन आणि टेबल द्या आणि सांगा, "गुरुजी, हजेरी आणि गुण तुम्ही लिहा, आमचा हिशेब चुकतो." वर सांगितलेले रकाने त्यांनाच आखू द्या. रोज गटाची एकूण बेरीज फळ्यावर लिहायची: आठ जण, माणशी सहा पिशव्या, प्रत्येक पडली तर तीन-तीन गुणांनी १४४. पहिल्या आठवड्यात ५० झाली तरी चांगली. आपली परवाची बेरीज आज मोडली का, एवढीच शर्यत. पंधरा दिवसांत गुरुजी एखादी पिशवी हातात घेऊन वजन बघतील. तुम्ही तिकडं बघू नका.

१७ सप्टेंबरचं. १९४८ साली याच दिवशी मराठवाडा निजामाच्या राजवटीतून सुटला, आणि तुमच्याकडच्या नव्वदीच्या माणसांना तो काळ थोडाफार आठवत असेल. दिवस त्यांचाच आहे, तेव्हा त्यांना पाहुण्यांसाठी ताटकळत ठेवू नका. पाहुणे नऊला म्हणून साडेदहाला येतात. तोवर उन्हात खुर्च्यांवर बसलेल्या म्हाताऱ्यांची साखर आणि लघवी दोन्ही कुणाला थांबत नाहीत. स्पर्धा नको. झेंडावंदन संपल्यावर आत, सावलीत, नेहमीच्या जागी, नेहमीच्या गटाचा नेहमीचा डाव ठेवा. ज्यांना अनोळखी माणसांसमोर खेळायचं नाही त्यांना विचारून आधीच वगळा, फोटोसाठी हात धरून टाकायला लावू नका. पाहुण्यांनी खेळायचं म्हटलं तर खेळू द्या, गुरुजींच्या वहीत नाव चढवूनच: पिशवी १५० ग्रॅमची, अंतर १० फूट, आणि पडलेली ज्यानं त्यानं उचलायची.